ताफ्यातील माणसांचाही नकाशा हवा : कुलगुरूंना खुले पत्र

नंदनवन, नागपूर

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ,
फुटाळा तलाव मार्ग, नागपूर

विषय : सागरी मासेमारी ताफ्यातील सामाजिक संबंधांचा अभ्यास विद्यापीठाने हाती घेण्याबाबत

सन्माननीय कुलगुरू महोदय,

महाराष्ट्राच्या सागरी मासेमारीविषयी शासनदरबारी जी माहिती जमा होते, तीत बोटींची संख्या, इंजिनांची अश्वशक्ती, जाळ्यांचे प्रकार आणि बंदरोबंदरी उतरलेल्या मासळीचे वजन यांना मोठे स्थान असते, आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने 2005, 2010 व 2016 साली केलेल्या गणनांमुळे मच्छीमार गावे, कुटुंबे, त्यांचे शिक्षण व त्यांची साधने यांचीही बरीच नोंद हाताशी आहे. कोणता तांडेल, म्हणजे बोट हाकणारा प्रमुख, कोणाच्या शब्दावर विसंबून बोट वळवतो, एका बोटीवरचे खलाशी कोणत्या गावांतून व कोणामार्फत आलेले असतात, नवा नियम कोणत्या वाडीत आधी पोहोचतो आणि कोणत्या वाडीत पोहोचतच नाही, हे मात्र या नोंदींतून कळत नाही. ताफा म्हणजे एका बंदरातून किंवा एका किनाऱ्यावरून मासेमारीला जाणाऱ्या बोटींचा समूह अशी व्याख्या केली जाते. त्या बोटींवरील माणसांमध्ये माहितीची, विश्वासाची, कर्जाची आणि नात्याची जी देवघेव चालते, तिचा अभ्यास विद्यापीठाने पद्धतशीरपणे करावा, अशी विनंती या पत्राद्वारे करण्यात येत आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या शहरातून, त्यातही पूर्व नागपुरातील नंदनवनसारख्या वस्तीतून, ही विनंती का केली जावी, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर सरळ आहे. मत्स्यविज्ञानाला आपल्या नावात स्थान देणारे राज्याचे विद्यापीठ 2000 साली नागपुरात स्थापन झाले आणि त्याचे कार्यक्षेत्र संपूर्ण महाराष्ट्र आहे, म्हणजेच सातपाटी व वेंगुर्ले येथील प्रश्नांचा जाब फुटाळ्याच्या काठावरील या संस्थेलाही विचारता येतो. शिवाय विदर्भातील ज्या घरांत सुकट आणि सुके बोंबील शिजतात, त्या घरांचा कोकणातील खलाशाशी संबंध आहेच, फक्त त्याची आठवण कोणी करून देत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मच्छीमार म्हणून ओळखला जाणारा समाज एकसंध नाही. पालघरच्या पट्ट्यात मांगेला आणि कोळी, वसई-उत्तनच्या बाजूस ख्रिस्ती कोळी, मुंबई व रायगडमध्ये सोनकोळी, रत्नागिरी जिल्ह्यात खारवी, भंडारी आणि दालदी मुस्लिम, तर सिंधुदुर्गात गाबीत अशी ही वस्ती उत्तरेकडून दक्षिणेकडे बदलत जाते, आणि प्रत्येक समाजाची बोली, देवस्थाने, सोयरिकीचे वर्तुळ व मासेमारीची पसंतीची साधनेही बरीचशी वेगळी आहेत. डोल, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे, उत्तरेकडे रुजले. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढायचे लांब जाळे, मालवणच्या बाजूस टिकले. आणि पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याभोवती फिरवून खालून आवळले जाणारे मोठे जाळे, रत्नागिरीत मोठ्या प्रमाणावर स्थिरावले. यांत्रिकीकरणानंतर या वर्तुळांचे एकमेकांच्या पाण्यात जाणे वाढले, पण घरादाराचे संबंध मात्र जवळपास पूर्वीच्याच मर्यादेत राहिले.

समाजशास्त्रात या प्रवृत्तीचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. माणसे आपल्यासारख्याच माणसांशी, म्हणजे एकाच भाषेच्या, जातीच्या, धर्माच्या किंवा गावाच्या माणसांशी, अधिक सहजपणे संबंध जोडतात; या प्रवृत्तीला येथे सोयीसाठी ‘सारख्यांची ओढ’ म्हणता येईल. या ओढीमुळे जवळच्यांमध्ये विश्वास पक्का होतो, परंतु सर्वांना एकच गोष्ट ठाऊक असल्याने बाहेरची नवी माहिती आत यायला वाट उरत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले, की नवी माहिती बहुधा घनिष्ठ मित्रांकडून येण्याऐवजी तोंडओळखीच्या, सैल संबंधांच्या माणसांकडून येते, कारण ती माणसे दुसऱ्या वर्तुळात वावरत असतात. अशा दोन वर्तुळांमध्ये ये-जा करणारी व्यक्ती म्हणजे दुवा, आणि कोणत्याही ताफ्यात असे दुवे किती आहेत, यावर त्या ताफ्याची शिकण्याची गती अवलंबून असते.

मासेमारीच्या ताफ्यात या विचाराची कसोटी लागल्याचे सर्वांत बोलके उदाहरण हवाईचे आहे. होनोलुलूहून ट्यूना आणि तलवारमाशासाठी जाणाऱ्या लांबडोर बोटी, म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीच्या दोरीला हजारो गळ लावून मासेमारी करणाऱ्या बोटी, प्रामुख्याने तीन समाजांच्या हाती आहेत : व्हिएतनामी वंशाचे, कोरियन वंशाचे आणि युरोपीय वंशाचे अमेरिकी. मिशेल बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ताफ्यातील मालक व तांडेल मासेमारीविषयीची उपयुक्त माहिती कोणाला देतात हे विचारून संबंधांचा नकाशा काढला आणि तो बोटींच्या गळाला नकळत लागणाऱ्या शार्कच्या नोंदींशी ताडून पाहिला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार माहिती बहुतांशी आपापल्या समाजातच फिरत होती, शार्क टाळण्यातले यशही त्याच रेषांवर विभागलेले होते, आणि जे थोडे मच्छीमार एका समाजात जन्मले असूनही दुसऱ्या समाजाच्या वर्तुळात वावरत होते, त्यांचे समुद्रावरील वर्तन त्या दुसऱ्या वर्तुळासारखेच दिसले. चांगली पद्धत वर्तुळांची हद्द ओलांडू शकली असती, तर 5 वर्षांत 46,000 हून अधिक शार्क वाचले असते, असा संशोधकांचा अंदाज होता. वर्तन ठरवण्यात जन्मापेक्षा संगतीचा वाटा मोठा असल्याची ही नोंद महाराष्ट्रासाठी विशेष महत्त्वाची आहे, कारण संगत बदलता येते.

हवाईच्या अभ्यासाची एक मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. प्रश्न विचारले गेले ते मालकांना आणि तांडेलांना. त्याच बोटींवर राबणारे इंडोनेशिया, फिलिपाईन्स, किरिबाती अशा देशांतील खलाशी त्या नकाशात नव्हते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्याच 2016 साली उघडकीस आणले, की व्हिसा नसल्याने या शेकडो खलाशांना बंदरात असतानाही जमिनीवर मोकळेपणाने उतरता येत नव्हते आणि त्यांचे सारे आयुष्य बोट व धक्का यांत बांधलेले होते. जो नकाशा मालकांच्या मैत्रीपाशी थांबतो, तो ताफ्याचा अर्धाच नकाशा असतो, आणि महाराष्ट्रात तर हा उरलेला अर्धा भाग अधिकच मोठा आहे.

रत्नागिरीच्या पर्ससीन बोटीवर 25-30 खलाशी असतात आणि त्यांत स्थानिकांचे प्रमाण घटत जाऊन नेपाळ, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, आंध्र प्रदेश व कर्नाटक येथून आलेल्यांचा भरणा वाढला आहे. ही भरती एकेका माणसाची सहसा होत नाही. गावाकडचा एखादा अनुभवी माणूस मालकाकडून उचल, म्हणजे हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम, घेतो आणि आपल्या गावातील, नात्यातील माणसे गोळा करून ऑगस्टच्या सुमारास बंदरावर आणतो, त्यामुळे एका बोटीवर बरेचदा एकाच खोऱ्यातले लोक आढळतात. मालकाचा त्यांच्याशी होणारा बहुतेक व्यवहार या म्होरक्यामार्फत चालतो. मजुरी, आजारपण, घरी पाठवायचे पैसे, इतकेच काय, बोटीवर काय पाळायचे आणि काय नाही याच्या सूचनाही त्याच्याच तोंडून पोहोचतात. नेपाळातील डोंगरी गावातून आलेल्या, समुद्र प्रथमच पाहणाऱ्या तरुणासाठी हा एक माणूसच बंदर असतो, मालक असतो आणि सरकारही असतो. सागरी गणना मच्छीमार गावांतील कुटुंबांची होते, आणि हा तरुण कोणत्याही मच्छीमार गावचा रहिवासी नसल्याने तो त्या गणनेच्या चौकटीबाहेर राहतो.

याच्या उलट दिशेचा प्रवाह पालघरमधून वाहतो. तलासरी, डहाणू या तालुक्यांतील वारली व इतर आदिवासी तरुण भातलावणी आटोपल्यावर वेरावळ, पोरबंदर, ओखा, मांगरोळ येथील गुजराती मालकांच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, आणि त्यांनाही तेथे नेणारा गावचाच कोणीतरी असतो. टाळेबंदी लागल्यावर 2020 च्या एप्रिलमध्ये गुजरातच्या बंदरांतून परतणारे असे खलाशी उंबरगावजवळ नारगोलसमोर बोटींवरच अडकले, आणि ते कोणत्या राज्याचे यावरून त्यांचे उतरणे लांबले. नोव्हेंबर 2021 मध्ये ओख्याहून गेलेल्या ‘जलपरी’ या बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने केलेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातील एका खलाशाचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी कोणत्या बोटीवर कोण होते हे शोधण्यासाठी गावातील नात्यागोत्याची साखळीच कामी येते, कारण संकटात पहिला फोन खलाशी शासकीय कार्यालयाला करत नाही, तो म्होरक्याला किंवा घरी करतो.

नियमांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक गंभीरपणे पुढे येते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे. त्याखाली 5 फेब्रुवारी 2016 रोजी काढलेल्या आदेशाने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या 4 महिन्यांपुरती आणली, केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासे गोळा करून पकडण्यावर बंदी घातली, राज्याने 2021 साली अधिनियमात दुरुस्ती करून दंड वाढवले आणि 2023 साली 54 प्रजातींच्या मासळीसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला. प्रत्येक नियमामागे विज्ञान आहे, तरीही नियम किनाऱ्यावर उतरतो तो कोणाच्या तरी तोंडून, आणि सांगणारा जर मासेमारीत वैर असलेल्या दुसऱ्या वाडीचा असेल, तर त्याच्या सांगण्याकडे शत्रूचा डाव म्हणून पाहिले जाते. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून दिला जाणारा संभाव्य मासेमारी क्षेत्राचा अंदाज सर्वांसाठी खुला असतो, परंतु त्यावर भरवसा ठेवायचा की नाही हे तांडेल आपल्या माणसांना विचारूनच ठरवतो.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने डिसेंबर 2018 पासून अशी योजना राबवली, की कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा अर्थात व्हेल शार्क यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडल्यास मच्छीमाराने जाळे कापून तो सोडून द्यावा, त्याचे छायाचित्र वा चित्रफीत सादर करावी आणि कापलेल्या जाळ्यापोटी कमाल 25,000 रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी. समुद्रात हा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो : जाळे अर्धे वर आलेले असते, मासळीच्या ओझ्याने बोट एका अंगाला कललेली असते, कासव गुरफटलेले असते, तांडेलाच्या हातात कोयता असतो आणि दुसऱ्या कोणाला तरी मोबाईल काढून चित्रण करायचे असते. त्या क्षणी तांडेलाला शासन निर्णयाचा क्रमांक आठवत नाही. आपल्या ओळखीतल्या कोणाला ही भरपाई खरोखर मिळाली का, एवढेच आठवते. ज्या वाडीत अशा एकाला पैसे मिळाले, त्या वाडीत पुढचे जाळे कापले जाण्याची शक्यता वाढते, आणि ज्या वाडीची त्याच्याशी सोयरीक नाही, बोलचाल नाही, तेथे ही योजना भिंतीवरच्या कागदापुरतीच उरू शकते. हे अनुमान आहे. त्याची तपासणी करणे विद्यापीठाला सहज शक्य आहे, कारण भरपाईचे अर्ज तारीख आणि गावासह शासनाकडे आहेत, त्यांना फक्त संबंधांच्या नकाशाशेजारी ठेवून पाहायचे आहे.

संबंध तुटलेले असले की समुद्रात काय घडते, याचे उदाहरण डोल जाळ्यांच्या जागांवरील वादाचे आहे. डोल बांधण्यासाठी समुद्रतळात खुंट रोवून जी जागा पक्की केली जाते तिला कव म्हणतात, आणि कोणाची कव कोठे याचा निवाडा लेखी दस्तऐवजापेक्षा रूढीने व परस्परांच्या ओळखीने होत आलेला आहे. सातपाटी-डहाणूकडील आणि वसई-उत्तन-मढकडील मच्छीमारांमध्ये कवींच्या अतिक्रमणावरून वर्षानुवर्षे तंटा चालू आहे. बैठका होतात, हद्दी आखल्या जातात आणि पुन्हा मोडतात. एकाच गावातील दोन घरांचा असा वाद गावकीत मिटतो, कारण दोन्ही घरांना एकमेकांच्या लग्नाला जायचे असते. दोन तालुक्यांतील, दोन समाजांतील वाद मात्र मिटत नाही, कारण त्यांना जोडणारे दुवे फार थोडे आहेत. हद्द आखणाऱ्या अधिकाऱ्याला अंतर मोजता येते, पण दोन्ही बाजूंना मान असलेली माणसे कोणती, हे ठाऊक नसते, आणि नेमके तेच शोधून काढणे हे या अभ्यासशाखेचे काम आहे.

सिंधुदुर्गातील संघर्षाबाबत अधिक सावधपणे बोलले पाहिजे. मालवण परिसरातील पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील वाद 2015 साली आचऱ्याजवळ हिंसक झाला होता, आणि कर्नाटकातील मलपे येथून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरविरुद्धची तक्रार आजही चालू आहे. हा वाद साधनांचा आहे, मासळीच्या साठ्याचा आहे, लहान होडी आणि मोठे भांडवल यांच्यातील विषम शक्तीचा आहे. पर्ससीनधारकांत मुस्लिम आहेत तसे हिंदूही आहेत, आणि छोट्या होडीने पोट भरणाऱ्यांतही दोन्ही धर्मांचे लोक आहेत. तरीही त्याला जातीधर्माच्या रंगात रंगवण्याचे प्रयत्न वारंवार होतात, आणि ते अत्यंत क्लेशदायक आहेत. समाजांचा अभ्यास करा असे सांगणाऱ्या पत्राने म्हणूनच हेही सांगितले पाहिजे, की असा अभ्यास कोणत्याही समाजाला गुन्हेगार ठरवण्यासाठी वापरला गेला तर तो न झालेलाच बरा. हवाईच्या उदाहरणातील संगतीचा मुद्दा येथे पुन्हा कामाला येतो : मासेमारीच्या सवयी रक्तातून येत नाहीत, त्या कोणाबरोबर बसून शिकल्या यातून येतात.

या साऱ्या चित्रात कोळिणी आणि मासेविक्रेत्या स्त्रिया दिसत नाहीत, कारण ताफा म्हणताच डोळ्यांपुढे बोट येते. ससून डॉकच्या लिलावात उभी राहणारी स्त्री मात्र एका पहाटेत अनेक गावांच्या बोटींची मासळी पाहते, भाव ऐकते, कोणाला किती माल मिळाला हे जाणते, आणि वेगवेगळ्या समाजांच्या वर्तुळांमधला सर्वांत स्वाभाविक दुवा बहुधा तीच असते.

सागरी ताफ्याकडे वळण्यापूर्वी विद्यापीठाला दाराशीच सराव करता येईल. भंडारा-गोंदियातील माजी मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था काम करतात, आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे या तलावांतील बेशरम हे तण उपटून स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे व देशी मासे परत आणण्याचे काम केले आहे. एका तलावावरची ही पद्धत दुसऱ्या तलावावर कोणामार्फत गेली, सोयरिकीतून, संस्थेच्या सभेतून की बचतगटातून, आणि कोणत्या गावापाशी अडली, याचा मागोवा घेणे नागपूरच्या मत्स्य महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. तेथे पद्धत पारखून घेतली, की समुद्रावर चुका कमी होतील.

किनाऱ्यावरील काम रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाला सोबत घेतल्याशिवाय नीट होणार नाही. ते महाविद्यालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे आणि मत्स्यशिक्षणाच्या अधिकारक्षेत्रावरून दोन विद्यापीठांमध्ये मतभेद राहिलेले आहेत, हे सर्वज्ञात आहे. मच्छीमारांना त्या मतभेदाशी काही कर्तव्य नाही, आणि मिरकरवाड्याची जेट्टी शिरगावहून जितकी जवळ आहे तितकी नागपूरहून कधीच होणार नाही. समाजशास्त्रज्ञ, नेपाळी, वारली व तेलुगू जाणणारे सहकारी आणि मच्छीमार घरांतील शिकलेली मुले-मुली यांच्याविना केवळ मत्स्यशास्त्रज्ञांनी प्रश्नावली नेली, तर उत्तरे मिळतील, परंतु ती खरी असतीलच असे नाही.

वेळेचाही विचार आवश्यक आहे. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात बोटी शाकारलेल्या असतात आणि तांडेल जाळी विणत घरी भेटतात, म्हणून त्यांच्याशी बोलण्यास हाच काळ योग्य. मात्र त्याच काळात खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात, तेव्हा वारली खलाशाला तलासरीच्या खाचरात लावणी चालू असताना भेटावे लागेल आणि नेपाळी खलाशाला नारळी पौर्णिमेच्या आसपास, तो बंदरावर परतल्यावर पण बोट सुटण्यापूर्वी, म्होरक्याच्या अपरोक्ष भेटावे लागेल. प्रश्न साधे असावेत : इंजिन बंद पडले तर वायरलेसवर पहिली हाक कोणाला, नव्या जाळ्याचा सल्ला कोणाचा, उचल कोणाकडून, घरी निरोप कोणामार्फत, आणि ज्याच्याशी कधीच बोलणे होत नाही असे शेजारचे बंदर कोणते.

मासळीच्या जागा हे तांडेलाचे धन असते आणि ओळखीपाळखीचा नकाशा ही त्याहून नाजूक वस्तू आहे, म्हणून कोणाचेही नाव, बोटीचा नोंदणी क्रमांक वा मासेमारीची जागा मत्स्यव्यवसाय विभागाला, पोलिसांना किंवा व्यापाऱ्यांना दिली जाणार नाही, अशी लेखी हमी विद्यापीठाने अभ्यासापूर्वी प्रत्येक संस्थेला व प्रत्येक खलाशाला त्याच्या भाषेत द्यावी. निष्कर्ष छापण्यापूर्वी ते सातपाटीत, उत्तनला, मिरकरवाड्यात आणि मालवणात वाचून दाखवले जावेत आणि चुकलेले तेथेच दुरुस्त करून घेतले जावे. येत्या बंदीच्या काळात निदान एका बंदरावर हे काम सुरू व्हावे यासाठी विद्यापीठाने आतापासूनच दापोलीशी पत्रव्यवहार करावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे.

नंदनवन, नागपूर येथील एक नागरिक